गोड बोलल्याची तक्रार

६ जानेवारी

वन्सं,

तुम्ही माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केलीत असं कळलं. आभारी आहे.

यातलं दुसरं वाक्य लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचा भाऊ गेला, मग त्या लोखंडी कपाटावरून आपलं वाजलं, आणि तेव्हापासून चार-पाच वर्षं आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. एवढ्या काळात मी कुठे होते हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि परवा इथल्या चौकशी अधिकारी बाईंनी माझ्यासमोर कागद धरून विचारलं, "तुमच्या नवऱ्याच्या बहिणीने तिकडे तक्रार दिली आहे. 'माझी भावजय माझ्याशी गोड बोलली, तिच्या जिवाला नक्की धोका आहे.' याचा अर्थ काय?"

दुभाष्याने ते दोनदा वाचलं. बिचाऱ्याला वाटलं, आपलंच भाषांतर चुकतंय. मी म्हटलं, "बरोबर आहे. नवऱ्याची बहीण आहे ना, तिला कळणारच." तसं बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "थोरली की धाकटी?" मी म्हटलं, "थोरली." त्यांनी एक लांब श्वास सोडला. वन्सं, देश कुठलाही असो, हे खातं सगळीकडे सारखंच चालतं.

मी सुटले आहे. म्हणजे त्या इमारतीतून सुटले, घरी यायला अजून सुटलेली नाही. सध्या सरकारी निवाऱ्यात आहे. तीन खाटा, एक खिडकी, आणि दाराला कडी आतून. ती आतून आहे हे मी पहिल्या दिवशी चार वेळा उघडून-लावून पाहिलं. फोन पोलिसांनी पुरावा म्हणून सील केलेत. परत दिले असते तरी स्क्रीनवर बोट टेकवून कुणाशी गप्पा मारायची माझी हौस या जन्मापुरती फिटली आहे. म्हणून पत्र.

तुम्ही विचाराल, या वयात परदेशी कशाला मरायला गेलीस. सांगते. वॉशिंग मशीनच्या कंपनीने आमचा तक्रार विभागच बंद केला. लोकांच्या शिव्या ऐकून "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" म्हणण्यात माझी सगळी उमेद गेली, आणि शेवटी माझ्या जागी एक यंत्र बसवलं, ते न चिडता दिलगीर होतं. मी चिडूनच दिलगीर व्हायची, पण ते ऐकू जायचं नाही, एवढंच माझं कौशल्य. मग जाहिरात दिसली. परदेशी कंपनी, ग्राहकसेवा, राहणं-जेवणं फुकट, पन्नाशीच्या अनुभवी महिलांना प्राधान्य. मला तिथेच वास यायला हवा होता. पन्नाशीच्या बाईला जगात कुणी प्राधान्य देत नाही, चढावर रिकामी रिक्षासुद्धा देत नाही.

विमानतळावर गाडी आली. गाडीत पासपोर्ट घेतले, सुरक्षिततेसाठी. फोन घेतले, तेही सुरक्षिततेसाठी. उंच भिंत होती, भिंतीवर काटेरी तार, आणि तारेचा बाक आतल्या बाजूला वळवलेला. दार कुठल्या बाजूने बंद होतं ते वॉशिंग मशीनवालीला लगेच कळतं. पण तोवर मशीन सुरू झालं होतं.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण ते डाव्या हाताचं आहे. उजवा हात बाथरूममध्ये घसरून पडल्याने जरा दुखावलाय. विशेष काही नाही.

तुमची,
भावजय


२० जानेवारी

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. टपाल मंद आहे की तुम्ही, ठरवता येत नाही. दोन्हींचा मला अनुभव आहे.

तिथे काय काम होतं ते लिहिते, म्हणजे उगाच भलत्या कल्पना करणार नाही. एक लांबलचक हॉल, रांगेने टेबलं, प्रत्येकीपुढे चार-पाच मोबाइल. मी बत्तीस वर्षांची, देखणी, दागिन्यांचा स्वतःचा व्यवसाय असलेली एकटी बाई होते. फोटो अर्थात दुसरीचा. अनोळखी लोकांशी ओळख काढायची, सकाळी "झोप झाली का", दुपारी "जेवलात का", आणि एकदा का विश्वास बसला की एका बनावट ॲपवर गुंतवणूक करायला लावायची. पैसे गेले की बत्तीस वर्षांची बाईही गेली. लांबून माया आणि जवळून दरोडा.

आमचा टीम लीडर कधी आवाज चढवायचा नाही. रोज सकाळी म्हणायचा, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." म्हणून आम्ही त्याचं नाव कुटुंबप्रमुख ठेवलं. कुटुंबात असतं ते सगळं तिथे होतं, खोटं कशाला बोलू. दाराला बाहेरून कडी, कमावतीला वाढप, न कमावतीला उपास, आणि तोंड उघडलं की "तुझ्या भल्यासाठीच आहे". एखादीने मोठा मासा गळाला लावला की हॉलमध्ये ढोल वाजवायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

माझ्या खोलीत दोघी होत्या. एक नर्सबाई, तिला इस्पितळात नोकरी आहे म्हणून आणलं होतं. दुसरी केस कापणारी मुलगी, तिला हॉटेलच्या पार्लरचं आमिष दाखवलं. ती मला मावशी म्हणते, आम्ही तिला धाकटी. त्या दोघी आत्ताही शेजारच्या खाटांवर आहेत. नर्सबाई घोरते. इतकं बिनधास्त घोरणं मी फार दिवसांनी ऐकतेय, म्हणून उठवत नाही.

मी तिथे काय केलं, ते ऐका. तक्रार विभागात पहिला धडा असा, की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही आणि त्याचं काम होऊ द्यायचं नाही. मी माझ्या वाट्याच्या माणसांना तेच केलं. एका निवृत्त सर्व्हेअरशी मी गुडघेदुखीवर इतकं बोलले की गुंतवणुकीची वेळच आली नाही. शेवटी तो व्यायामाला लागला आणि माझ्याशी बोलायला त्याला सवड होईना. दुसऱ्या एकाला दर वेळी "तुमचा प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला आहे" म्हणून लटकवलं. तो कंटाळून स्वतःच पळाला. जाताना मला शिव्या दिल्या. इतक्या जिव्हाळ्याच्या शिव्या मी नोकरीतही ऐकल्या नव्हत्या.

सगळेच वाचले असं म्हणणार नाही. एका शाळेतल्या बाईंनी आपणहून विचारलं, पैसे कुठे टाकू? मी विषय बदलला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा बदलला. मग कुटुंबप्रमुख माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्या दिवशी ढोल माझ्या नावाने वाजला. इथे आल्यावर अधिकारी बाईंना मी सगळ्यात आधी त्या बाईंचा नंबर सांगितला. पुढचं माहीत नाही.

त्यानंतर कुटुंबप्रमुखाला नवी कल्पना सुचली. अनोळखी माणसांपेक्षा घरचे लवकर फसतात. प्रत्येकीने घरी लिहायचं की मी मजेत आहे, कंपनी उत्तम, जागा सुंदर, तुम्हीही थोडे पैसे गुंतवा.

"तुझं घरी कोण आहे?" त्याने विचारलं. आमचं बोलणं मोबाइलवरच्या भाषांतराच्या मशीनमधून चालायचं.

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"एक नणंद आहे."

मशीनने दाखवलं, नवऱ्याची बहीण. "म्हणजे बहीणच," तो म्हणाला. "जवळचं नातं."

"फार जवळचं," मी म्हटलं.

वन्सं, त्या माणसाने शेकडो लोकांचा अभ्यास केला होता. कुणाला एकटेपणाने पकडायचं, कुणाला हावेने, सगळं त्याला पाठ होतं. पण त्याला घरच नसावं, नाहीतर अशी चूक त्याच्या हातून झाली नसती. आमचा प्रत्येक मजकूर ते मशीनमध्ये घालून आपल्या भाषेत वाचायचे. 'वाचवा' दिसलं, रडगाणं दिसलं, की शिक्षा. मशीनला रडणं कळतं. मशीनला नणंद कळत नाही.

म्हणून मी लिहिलं, "लाडक्या वन्सं, तुमची फार आठवण येते. तुमच्या हातच्या जेवणासाठी जीव तळमळतो. तुमचा मधुर आवाज ऐकायला कान आसुसले आहेत. तुम्ही मला पोटच्या मुलीसारखं वागवलंत. इथे माझ्या खिडकीसमोर नदी आहे, पलीकडे सिमेंटचा कारखाना, त्याची दोन पांढरी धुराडी आणि एक तुटकं, काय सुरेख देखावा."

लिहिताना मला दोनदा ठसका लागला. कुटुंबप्रमुखाला वाटलं, मला गहिवरून आलं. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

खोलीत गेल्यावर त्या दोघींना सांगितलं, घरी ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही त्याला लिहा, तोंडभरून लिहा, आणि नदी-धुराडी विसरू नका. नर्सबाईने घटस्फोटित नवऱ्याला लिहिलं, "तुमच्याइतका समजूतदार माणूस मी पाहिला नाही." धाकटीने जुन्या पार्लरच्या मालकिणीला लिहिलं, "तुमच्या प्रेमळ शब्दांवाचून मला करमत नाही." पलीकडच्या खोलीतल्या एकीलाही ही युक्ती सांगितली. तिने सासूला लिहिलं. सासूला ते खरंच वाटलं, तिने तो मेसेज अख्ख्या बिल्डिंगला दाखवला आणि कौतुकाने उत्तर पाठवलं. माणसाने स्वतःबद्दल इतकाही चांगला ग्रह करून घेऊ नये, दुसऱ्याच्या जिवावर बेततं.

तुमच्याबद्दल मला ती भीती नव्हती.

भावजय


९ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. आधी हाताचं. "बाथरूममध्ये पडून फक्त उजव्या हाताची दोनच बोटं दुखावणे शक्य वाटत नाही, कारण समाधानकारक नाही," असं तुम्ही लिहिलंय. विमा कंपनीतून निवृत्त झालात, पण दावे नाकारणं सुटलं नाही. दोनच बोटं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर 'हात' लिहिलं होतं. इथल्या डॉक्टरला फोन केलात ना? दुभाष्याला मध्ये घालून?

ठीक आहे. दाराची फट होती. बोटं चिमटली नाहीत, चिमटवली. एका म्हाताऱ्याला मी लिहिलं होतं, "घरच्यांशी बोलल्याशिवाय काही करू नका." ते मशीनने जसंच्या तसं दाखवलं. हाड जुळतंय, नर्सबाई रोज व्यायाम करून घेते. ती इतकी कडक आहे की कुटुंबप्रमुख बरा वाटावा. या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

आता तुमची हकिकत. तुम्ही लिहिलंय की 'लाडक्या' वाचल्यावर तुम्ही आधी नंबर तपासलात, मग चष्मा पुसलात. मग परीक्षा म्हणून मला फक्त एवढंच पाठवलंत, "कपाटाचं काय?" आणि माझं उत्तर आलं, "कपाट तुमचंच आहे, मी चुकले होते." ते वाचून तुम्ही गॅस बंद केलात, चपला घातल्यात आणि थेट ठाण्यात गेलात. मी ते उत्तर लिहीत होते तेव्हा मला नेमक्या त्या चपला दिसत होत्या, खोटं नाही सांगत.

हवालदार हसला, हे अपेक्षितच होतं. "आजी, भावजय गोड बोलली म्हणून तक्रार? आमच्याकडे असं घडलं तर आम्ही सुट्टी जाहीर करू." आणि तुम्ही म्हणालात, "आजी असेल तुझी. मी जन्मभर खोटे दावे पकडलेत. हा मजकूर तिचा आहे, पण तिच्या मनातला नाही. लिहून घे, नाहीतर मी इथेच बसते." आणि बसलात. ठाण्याच्या बाकावर, डबा घेऊन. हवालदाराला डबा विचारलात आणि त्याने एक घास खाऊन तक्रार लिहून घेतली, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. वन्सं, त्याने कशामुळे लिहून घेतली हे आपण दोघी जाणतो, तो विषय वाढवत नाही.

दुसऱ्या शहरात नर्सबाईचा माजी नवराही ठाण्यात गेला होता. म्हणाला, "साहेब, ही बाई मला समजूतदार म्हणतेय, काहीतरी भयंकर झालंय." तिसऱ्या गावात पार्लरची मालकीण. तीन तक्रारी, तिन्हींत तीच नदी, तेच तुटकं धुराडं. कुणीतरी त्या एकत्र ठेवल्या, इकडच्यांना कळवलं, आणि एका सकाळी हॉलचं दार बाहेरून उघडलं ते पोलिसांनी. ढोल अजून कोपऱ्यात होता. धाकटीने जाता जाता त्याच्यावर एक थाप मारली.

इथपर्यंत सगळं छान. आता नीट वाचा, अडचण आहे.

इथल्या सरकारी वकिलाचं म्हणणं असं की आम्ही तिघी टोळीच्या नोकरदार आहोत. लोकांना मेसेज आमच्या हातचे. टाळ्या आमच्या. घरी लिहिलेल्या मजकुरात जबरदस्तीची एक खूण नाही, उलट आनंदीआनंद आहे. आम्ही पीडित ठरलो तर घरी. आरोपी ठरलो तर इथल्याच तुरुंगात, कुटुंबप्रमुखाच्या शेजारी, पुन्हा एक कुटुंब. अधिकारी बाईंचा आमच्यावर विश्वास आहे, पण विश्वासाला कोर्टात खुर्ची मिळत नाही. तुमची साक्ष व्हिडिओवर घेणार आहेत. तुम्ही एवढंच सिद्ध करायचं की मी शुद्धीवर असताना तुमच्याशी असं कधीच बोलले नसते. म्हणजे आपलं पटत नाही हे सिद्ध करायचं. आयुष्यात प्रथमच तुम्हाला खरं बोलून माझं भलं करायची संधी आहे.

आणि तुम्ही काय केलंत? पत्राच्या शेवटी लिहिलंत, "जिवाला जप गं."

वन्सं, इथली सगळी पत्रं फाईलला लागतात. दुभाष्याने 'जिवाला जप गं' मोठ्याने वाचलं. 'गं'चं भाषांतर करायला तो अडला, आणि वकिलाने कागदावरून मान वर केली. "म्हणजे यांच्यात प्रेम आहे," तो म्हणाला. "मग गोड मजकुरात विशेष ते काय?"

इतकी वर्षं एक मायेचा शब्द नाही, आणि तो सुचला तेव्हा नेमका मला तुरुंगात घालायला. पुढच्या पत्रात कृपा करून काहीतरी टोचून लिहा. जमत नसेल तर माझ्या लग्नातली माझी साडी आठवा. त्यावर तुम्ही जे बोलला होतात तेही चालेल.

भावजय


२३ फेब्रुवारी

वन्सं,

"साडीबद्दल मी तेव्हा जे बोलले ते आजही माझं मत आहे." एका ओळीचं पत्र मिळालं. उत्तम. नर्सबाईने ते भिंतीला चिकटवलंय.

साक्षीच्या दिवशी कॅमेऱ्यापासून लांब बसा. पूर्वी व्हिडिओवर फोन करायचात तेव्हा तुमचं फक्त कपाळ दिसायचं. कपाळाची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. आणि रडू नका. मलाही तसं सांगून ठेवलंय.

मी इथे बाहेरून शांत आहे. धाकटी रोज माझे केस विंचरते आणि म्हणते, "मावशी, तुमच्या नणंदबाई कशा आहेत हो? मऊ तर पडणार नाहीत ना?" मी म्हणते, "अगं, तिच्या बोलण्याने घरातलं दूध नासायचं." तिला तेवढ्याने झोप येते. मला येत नाही. त्या मुलीचं सगळं तुमच्या फटकळपणावर उभं आहे, एवढं लक्षात असू द्या.

भावजय


१४ मार्च

वन्सं,

तुम्ही होतातच, पण तुम्हाला दिसलं फक्त स्क्रीनवरचं. खोलीत काय झालं ते मी सांगते.

तुमचं कपाळच दिसत होतं. मग तुम्ही मागे सरकलात आणि अख्ख्या दिसलात, आणि मला दिसलं, तुम्ही बारीक झाला आहात. हे कुणी मला आधी कळवलं नव्हतं.

वकिलाने सुरुवात केली, "आरोपीशी तुमचे संबंध कसे आहेत?"

"वाईट."

"किती वाईट?"

"तुमच्याकडे वेळ किती आहे?"

अधिकारी बाईंनी खोकल्याचं निमित्त केलं. दुभाष्या खूश होता. इतके दिवस कारखाना, धुराडी, रक्कम असलं भाषांतर करून त्याचा जीव उबगला होता. तुम्ही साडीपासून सुरुवात केलीत. मग माझी हसण्याची पद्धत, मग तुमच्या भावाच्या आजारपणात मी तुम्हाला खोलीबाहेर बसवलं ते, मग कपाट. कपाटापाशी दुभाष्याने पाणी मागितलं. वन्सं, त्यातलं निम्मं खरं नव्हतं. पण निम्मं खरं होतं, तेही तुम्ही इतक्या नेमकेपणाने सांगितलंत की मी दोनदा उठून उत्तर द्यायला निघाले. नर्सबाईने मला खाली दाबून बसवलं.

आणि वकिलाने तो कागद काढला. "हे तुमचंच पत्र. 'जिवाला जप गं.' वाईट संबंध असलेली माणसं असं लिहितात?"

तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागलात. धाकटीने माझा डावा हात इतका घट्ट धरला की तोही मोडतो की काय असं वाटलं. मला कळलं, तुम्हाला खोटं बोलता येत नाहीये. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईला स्वतःचं एक जमेना. मी मनातल्या मनात तुरुंगात जायची पिशवी भरली.

मग तुम्ही म्हणालात, "ते मी लिहिलंय, आणि मनापासून लिहिलंय. मला वाटलं म्हणून लिहिलं. पण प्रश्न माझा नाही, तिचा आहे. सुटल्यापासून तिने मला लिहिलेली सगळी पत्रं तुमच्या फाईलला आहेत ना? काढा. पहिलं 'आभारी आहे' सोडून त्यात एक गोड शब्द दाखवा."

वकिलाने पानं उलटली. दुभाष्या वाचत गेला. तुमचं उत्तर उशिरा आलं म्हणून तुम्हाला मंद म्हटलेलं, तुमच्या डब्यावर मारलेला टोमणा, तुमच्या बोलण्याने नासलेलं दूध. मी खाली मान घालून बसले होते. अधिकारी बाईंनी रुमाल तोंडाला लावला होता.

"नाही सापडला?" तुम्ही विचारलंत. "आता तो धुराडीवाला मजकूर वाचा. बाई तीच, भाषा तीच, नणंदही तीच. मोकळी असते तेव्हा ती अशी लिहिते. मानेवर कुणी बसलं की तसं लिहिते. याहून मोठी जबरदस्तीची खूण तुम्हाला कुठली हवी?"

वकिलाने हार मानली नव्हती. "एवढं वैर असताना तुम्ही तिच्यासाठी ठाण्यात बसून का राहिलात?"

"तिला छळायचा हक्क माझा आहे," तुम्ही म्हणालात. "घरचा आहे. तो त्या लोकांना कुणी दिला?"

दुभाष्याने हे वाक्य जपून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. सरकारी वकिलाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. मग म्हणाला, "माझे प्रश्न संपले."

नंतर नर्सबाईच्या माजी नवऱ्याने तिच्या विरोधात इतकं मनापासून बोलून तिला वाचवलं की ती म्हणाली, "हा तेव्हा असा बोलला असता तर मी सोडलं नसतं." पार्लरची मालकीण तर स्क्रीनवर आली तीच धाकटीवर खेकसत, "केसांचं काय करून ठेवलंयस हे?" तिला साक्ष द्यायची गरजच पडली नाही.

निकाल आठवड्याने देतो म्हणाले.

मी काही आभार वगैरे मानणार नाही. फाईल अजून बंद झालेली नाही.

भावजय


२ एप्रिल

वन्सं,

पीडित.

तिघीही. अधिकारी बाईंनी निकाल स्वतः येऊन सांगितला, आणि सांगून झाल्यावर निघून न जाता खाटेवर बसल्या आणि आमच्यासारख्याच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, आता खरं काम सुरू झालंय. दुसऱ्या हॉलमधून सुटलेल्या पुष्कळ बायकांचे आणि पुरुषांचेही घरी पाठवलेले आनंदी मजकूर त्यांच्या टेबलावर पडून होते. आता प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात, "घरी तुमचं कुणाशी पटत नाही?" विचारायची खोटी, उत्तरं ओसंडून वाहतात. मेव्हणे, जावा, सावत्र भाऊ, शेजारी. माणसं रोज सुटतायत. सासूवालीसुद्धा सुटली. तिच्या जावेने साक्ष दिली की त्या घरात असं कुणीच कुणाशी बोलत नाही, सासू आपली उगाच हुरळली.

त्या शाळेतल्या बाईंचा फोन आला होता. त्यांचं खातं वेळेवर गोठवलं, बरंचसं वाचलं. त्यांना कशी हाक मारावी ते मला सुचेना. त्याच म्हणाल्या, "तुम्ही दोनदा विषय बदललात, तेव्हा मला कळायला हवं होतं." मी म्हटलं, "माझं बदलणं फार सभ्य होतं." मग दोघींनीही लवकर फोन ठेवला नाही.

कोर्टाच्या बोळात कुटुंबप्रमुख दिसला. हातात बेड्या, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, "मी तुम्हाला कुटुंबासारखं ठेवलं होतं." दुभाष्या ते सांगून आमच्याकडे बघत राहिला, उत्तर न्यायला. मला बरंच सुचलं होतं, पण धाकटी पुढे झाली. जी पोरगी त्या हॉलमध्ये पाणी मागायलासुद्धा माझ्या मागे लपायची, ती म्हणाली, "हो ना काका. आता तुम्ही आत बसा, कडी आम्ही बाहेरून लावतो. तुमच्या भल्यासाठीच आहे." दुभाष्याने हे भाषांतर चढ्या आवाजात केलं. बोळातला पहारेकरीसुद्धा वळून बघायला लागला.

पासपोर्ट मिळाले. माझा फोटो मला ओळखू आला नाही. नर्सबाई म्हणाली, "तुमचाच आहे, तोंड वाकडं आहे बघा."

उद्या सकाळचं विमान. नर्सबाई तिच्या गावी उतरेल, तिला तिथल्या इस्पितळाने बोलावलंय. धाकटीला जायला घर नाही. "तिला घेऊन ये, जागा आहे," असं तुम्ही लिहिलंत तेव्हा तिला मी तुमच्या स्वभावाची पूर्ण कल्पना दिली. ती म्हणाली, "मावशी, मला कोर्टात ऐकूनच त्या आवडल्यात." कुणाला काय आवडेल, सांगता येत नाही.

टपालाचा वेग बघता हे पत्र तुम्हाला माझ्या मागाहून मिळणार. पोस्टमनने बेल वाजवली की तुम्ही उठू नका, दार मी उघडीन. पत्र मीच फोडीन, आणि तुमच्यासमोर बसून मीच वाचून दाखवीन. मध्ये मध्ये बोलायचं नाही.

भावजय